पानं खाल्ली जाऊ द्या : अंगणातल्या रानफुलांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी तेरड्याविषयी जाता जाता दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच होतं : फुलं लावली, पण फुलपाखरं येतात आणि निघून जातात, राहत नाहीत. मृग तोंडावर आलाय. बी टाकायचं असेल तर हेच दिवस. म्हणून या वेळी कुंड्या, खतं, गुलाबाची छाटणी सगळं बाजूला ठेवून फक्त याच पत्रांना उत्तरं देते. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण इथे लिहिलेलं बरंचसं साताऱ्यातल्या आमच्या घरामागच्या दोन गुंठ्यांनी मला शिकवलेलं आहे.

प्रश्न : मी 'रानफुलांच्या बियांचं मिश्रण' असं लिहिलेलं पाकीट मागवून अंगणात पेरलं. केशरी-पिवळी फुलं भरभरून आली. शेजारच्या काकू म्हणतात, ही आपली रानफुलं नव्हेतच. खरं काय? (एक वाचक, पुणे)

काकूंचं बरोबर आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत आहे तो कॉसमॉस, मूळचा मेक्सिकोचा. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर, महामार्गाच्या कडेला पावसाळ्याच्या शेवटी केशरी उतार दिसतात ना, लोक गाड्या थांबवून फोटो काढतात, तो हाच. पाहायला सुंदर, पण तो पसरला की त्याच्याखाली आपली कवला, सोनकी, बारीक गवतं यांना डोकं वर काढायला जागा उरत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. सहा वर्षांपूर्वी असंच एक पाकीट मीही आणलं होतं. पाकिटावर 'रानफुलं' लिहिलेलं, मी बी नीट न पाहता पेरलं. पहिल्या वर्षी फार आनंद झाला. दुसऱ्या वर्षी तेरड्याच्या वाफ्यात कॉसमॉस, तिसऱ्या वर्षी कुंपणापलीकडच्या ओढ्यावर कॉसमॉस. बी काळं, लांबट, टोकदार, साडीच्या काठालाही चिकटून जातं. पुढची तीन वर्षं फुलं धरायच्या आत एकेक रोप उपटत गेले, तेव्हा ओढा मोकळा झाला. तुम्हीही तेच करा. अंगणातली रोपं बी पक्व व्हायच्या आत उपटा आणि तिथेच आच्छादन म्हणून पसरा.

तुम्ही विचाराल, फुलपाखरं तर येत होती, मग बिघडलं कुठे? टणटणीबद्दलही (घाणेरी म्हणतात ती) लोक हेच विचारतात. टणटणी अमेरिका खंडातली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झाड म्हणून आपल्याकडे आणली, आणि बुलबुलांनी तिची फळं खाऊन ती डोंगरभर नेली. तिच्या फुलांवर फुलपाखरांची झुंबड असते हे खरंच आहे. पण फुलातला मध म्हणजे वाटेवरच्या टपरीवरचा चहा. चहा प्यायला कुणीही थांबतं, तिथे संसार मांडत नाही. फुलपाखराच्या मादीला अंडी घालायला पान लागतं, आणि तेही कुठलंही चालत नाही. अळी जे पान खाते त्याच झाडावर ती अंडी घालते. राणी पाकोळीचंच घ्या, २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेली ती मोठी काळी-निळी पाकोळी. तिला लिंबाच्या कुळातलं झाड हवं. कॉसमॉसचं अख्खं शेत दिलंत तरी ती तिथे एक अंडं घालणार नाही.

झेंडू मात्र उपटू नका. तोही मेक्सिकोचाच, पण तो लावू तिथे राहतो, आणि आपल्या दसऱ्याशी त्याची सोयरीक आता कायमची जुळलेली आहे. परदेशी म्हणून माझा राग नाही, दुसऱ्याला हुसकावून लावतं त्याच्यावर आहे.

प्रश्न : परसातल्या रुईवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या झाल्या आहेत. निम्मी पानं फस्त केली. कोणतं औषध फवारू? (एक वाचक, परभणी)

काहीच फवारू नका, हात जोडून सांगते. तुमच्याकडे पाहुणे राहायला आलेत.

या अळ्या प्लेन टायगर फुलपाखराच्या. केशरी पंख, टोकाला काळा पट्टा, त्यात पांढरे ठिपके, आपण लहानपणापासून बघतो तेच. मादी पानाच्या खालच्या बाजूला एकेक अंडं चिकटवते. अळीच्या अंगावर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या असतात, भिंग घेऊन मोजा. साधारण दोन आठवडे ती खात राहते, मग पानाखाली उलटी टांगून घेते आणि कोष होतो. कोष हिरवा किंवा फिकट गुलाबी, त्यावर सोनेरी टिकल्या. ऊन पडलं की त्या टिकल्या अशा चमकतात की कुणी खरंच वर्ख लावलाय असं वाटतं. दहा-बारा दिवसांनी सकाळच्या वेळी कोष पारदर्शक दिसू लागला, आतला केशरी रंग दिसला, की खुर्ची टाकून बसा. पंख बाहेर येतात ते चुरगळलेल्या कागदासारखे, आणि डोळ्यांदेखत ताणले जातात.

रुईच्या चिकात विष असतं. अळी ते खाऊन अंगात साठवते, म्हणून पक्षी तिला आणि पुढे त्या फुलपाखरालाही टाळतात. ही गोष्ट इतकी उपयोगाची की डॅनेड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्याच फुलपाखराची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. स्वतः विषारी नसून त्याच्या नावावर निर्धास्त फिरते. तिची अळी घोळाची भाजी खाते. म्हणजे परसात रुई आणि घोळ दोन्ही असली की अस्सल आणि नक्कल दोन्ही तुमच्याकडेच बघायला मिळतात.

रुईला पुन्हा पालवी फुटते, काळजी करू नका. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी पानं लागतात असं तुम्ही लिहिलंय. तोडताना पान उलटून बघा, अंडं असेल तर ते राहू द्या, बाकीची घ्या. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, लहान मुलांना तोडायला सांगू नका.

कडुनिंबाचा अर्क तर चालेल ना, असं खाली विचारलंय. तो अळीला मारण्यासाठीच असतो. हवी ती अळी आणि नको ती अळी असा भेद त्याला करता येत नाही. आणि दुकानात मिळणारी मुळांतून शोषली जाणारी कीटकनाशकं त्याहून वाईट, कारण ती झाडाच्या रसातून फुलातल्या मधापर्यंत आणि परागापर्यंत पोचतात. महिन्यापूर्वी कुंडीत टाकलेलं औषध आज मधमाशीच्या पोटात जातं. रानफुलं लावायची आणि त्याच अंगणात हे औषध वापरायचं, या दोन गोष्टी एकत्र होणार नाहीत.

प्रश्न : गुलाबाच्या पानांच्या कडा कात्रीने गोल कापाव्यात तशा कापलेल्या दिसतात. अळी कुठेच सापडत नाही. (एक वाचक, नाशिक)

सापडणार नाही, कारण ती माशी आहे. पानकापी माशी गोल तुकडा कापून पायांत धरून उडून जाते आणि एखाद्या पोकळ काडीत किंवा भिंतीच्या भोकात त्या तुकड्यांच्या नळकांड्या करते. प्रत्येक नळकांडीत पराग-मधाचा गोळा आणि एक अंडं. पान ती खात नाही. गुलाबाला काहीही होत नाही. तुमच्या घरात बाळंतपण झालंय असं समजा.

प्रश्न : कास पठारावरून मातीसकट थोडी रोपं आणली होती, तीन आठवड्यांत सगळी गेली. माती कोणती वापरावी? (एक वाचक, कोल्हापूर)

तुम्ही मनापासून विचारलंत म्हणून मीही मनापासून सांगते : तिथून आणायला नको होती. कास हा पश्चिम घाटाच्या त्या टापूतला भाग आहे ज्याला २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. तिथलं एक रोपही उचलायचं नसतं. सातारकर म्हणून हे वाचताना मला वाईट वाटलं.

आणि ती जगणार नव्हतीच. पठार म्हणजे जांभ्याचा सडा. खडकावर वीत-दोन वीत माती, कुठे बोटभरच. पावसाचे चार महिने पाय बुडेल इतकं पाणी, नंतर आठ महिने तापलेला कातळ. मातीत अन्न इतकं कमी की सीतेची आसवं ही इवली जांभळी फुलं मातीखालच्या फुग्यांनी बारीक जीव पकडून पोट भरतात, आणि दवबिंदू नावाची वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांवर किडे धरते. अशा रोपांना तुम्ही शेणखत घातलेल्या कुंडीत ठेवलंत. त्यांना ते मानवलं नाही.

घरासाठी रानफुलं हवीत तर पठारावर जाऊ नका. बांधावर, गावरस्त्याच्या कडेला, पडीक जागेत बघा. तेरडा, कुर्डू, खुळखुळा, रानतीळ, कोरांटी, अडुळसा, निर्गुडी. ही माणसाच्या शेजारी राहायला सरावलेली झाडं. जागेच्या मालकाला विचारून मूठभर बी घ्या, झाडावर भरपूर शिल्लक ठेवा. निर्गुडी आणि अडुळसा तर फांदीनेही लागतात. कुर्डू दाट उगवला तर कोवळ्या पानांची भाजी करा आणि दहा रोपं तुऱ्यांसाठी सोडा.

खत अजिबात घालू नका. हे सगळ्याच वाचकांना सांगते, कारण ही चूक प्रत्येक पत्रात आहे. खत घातलं की रानझाड पानांनी माजतं, कोलमडतं, फुलं कमी येतात. मुरमाड, हलकी जमीन त्यांना आवडते. खुळखुळ्याचं बी कडक असतं, ते रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. जे फुगेल ते पेरा, न फुगलेलं खडबडीत दगडावर हलकं घासून पुन्हा भिजवा. बाकीचं बी पहिल्या पावसाच्या आधी मातीवर भुरभुरवून हाताने दाबलं तरी पुरे, खोल पुरू नका.

प्रश्न : आमच्याकडे गौर तेरड्याची असते. लहानपणी गडग्याशेजारी वाटेल तेवढा तेरडा असायचा. आता गौरी आणायला गेलं तर चार काड्या मिळत नाहीत. पुन्हा कसा आणायचा? (एक वाचक, रत्नागिरी)

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दोन कारणं तुम्हीच लिहिली आहेत, तुमच्या लक्षात आलं नसेल इतकंच. आंब्याच्या बागेत गवत मारायचं औषध फवारतात ते गडग्याच्या कडेपर्यंत जातं, हे एक. आणि गौरीच्या दिवशी सगळा गाव तेरडा मुळासकट उपटतो, हे दुसरं. तेरडा एका पावसाळ्याचं झाड. भाद्रपदात फुललेला उपटला की त्या जागी पुढच्या वर्षी यायला बी पडतच नाही. पूर्वी तेरडा अमाप होता, उपटूनही उरायचा.

या वर्षी कुणाकडून तरी बी मिळवा. रोहिणीत गडग्याच्या सावलीच्या बाजूला टाका, तिथे ओल टिकते. गौरीला त्यातला एक वाटा घ्या, दोन वाटे उभे ठेवा. मग अश्विनात बी गोळा करा, आणि हे काम नातवंडांना द्या. तेरड्याची बोंडं हिरवीच असताना फुगतात, नुसतं बोट लागलं की फटकन फुटतात, साली गुंडाळल्या जातात आणि बी हातभर लांब उडतं. म्हणून बोंड मुठीत धरायचं आणि मुठीतच फोडायचं. फुटताना तळहाताला गुदगुल्या होतात. बी चार दिवस सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घामेजून बुरशी धरते.

'तेरड्याचा रंग तीन दिवस' म्हणतात, ते एका फुलापुरतं ठीक आहे. झाड मात्र आठवड्यामागून आठवडे फुलत राहतं. फुलाच्या मागे एक बारीक वाकडी शेपटी असते, मध तिच्या टोकाला. माशीला तिथवर पोचायला फुलात अंग घुसवावं लागतं, तेव्हा वरून लोंबणारे पुंकेसर तिच्या पाठीला घासतात. बाहेर पडते तेव्हा पाठीवर पांढुरकी पूड. पुढच्या फुलात शिरली की तीच पूड तिथल्या स्त्रीकेसराला लागते. सकाळी आठच्या सुमारास तेरड्यापाशी उकिडवं बसलं की हे सगळं हातभर अंतरावर चालू असतं, आणि त्यांना आपली काही पर्वा नसते.

प्रश्न : चौथ्या मजल्यावर सहा फूट बाय तीन फुटांची बाल्कनी आहे, ऊन सकाळचंच. इतक्यात काही होईल का? (एक वाचक, डोंबिवली)

होईल. तुळस तुमच्याकडे आहेच, तिच्यापासून सुरुवात करा. आपण मंजिऱ्या खुडून टाकतो, म्हणजे पानं जास्त येतात. दोन कुंड्या ठेवा : एक खुडायची, दुसरी न खुडायची. दुसरीवर महिनाभरात मधमाश्या दिसतील, अगदी मुंगीएवढ्या पोयाच्या माश्यासुद्धा, ज्यांना नांगी नसते. तिसरी कुंडी कढीपत्त्याची. त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर पुसून टाकू नका, ती कॉमन मॉर्मनची लहान अळी आहे. मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचलीत तर डोक्यामागून लाल, उग्र वासाचं दुहेरी शिंग बाहेर काढते. चार दिवस फोडणीला कढीपत्ता बाजारातून आणा.

चौथी अबोली, पाचवी कोरांटी. अबोली आपल्या दक्षिणेतलीच, वेणीसाठी फुलं तोडलीत तरी थोडी ठेवा. सहावीत रानहळदीचा कंद मिळाला तर लावा. पावसाळ्यात गुलाबी तुऱ्यातून पिवळी फुलं काढते, दिवाळीनंतर वरचं सगळं वाळून जातं. मेली समजून कुंडी रिकामी करू नका, कंद झोपलेला असतो. पाणी थांबवा, कुंडी कोपऱ्यात सरकवा, मेच्या शेवटी पुन्हा पाणी सुरू करा.

कळलावी लावू का, असं विचारलंय. देशी आहे, देखणी आहे, पानाच्या टोकांनी गजाला धरून चढते. पण तिचा कंद जीवघेणा विषारी असतो, आणि घरात दोन वर्षांचं मूल आहे असं तुम्हीच लिहिलंय. नको.

प्रश्न : अर्ध्या गुंठ्यात वांगी-टोमॅटो लावते. फुलं गळतात, फळ कमी धरतं. मधमाश्यांची पेटी ठेवली तर फरक पडेल का? (एक वाचक, सांगली)

फूलगळीला उन्हापासून पाण्यापर्यंत अनेक कारणं असतात, ती आधी तपासा. पण पेटीचं म्हणाल तर वांग्यासाठी तिचा उपयोग फारसा नाही. वांग्याचे पुंकेसर मीठदाणीसारखे, पराग आत आणि टोकाला बारीक भोक. तो बाहेर काढायचा तर फूल गदगदा हलवावं लागतं. पेटीत पाळतात त्या आपल्या सातेरी मधमाशीला ही युक्ती येत नाही. येते ती निळ्या पट्ट्यांच्या माशीला. ती फुलाला मिठी मारते, पंख न उडवता नुसते उडायचे स्नायू थरथरवते, आणि पराग तिच्या पोटावर झडतो. आवाज ऐकूनच कळतं : उडताना एक सूर, फुलाला धरलं की एकदम चढा सूर. भुंगाही हे काम करतो.

ही माशी पोळं करत नाही, एकेकटी राहते, मोकळ्या कोरड्या मातीत बोटाएवढं बीळ करते. म्हणून तिच्यासाठी पेटी नको, जागा हवी. वाफ्याच्या कडेला दोन हात जमीन उघडी ठेवा. आच्छादन नको, फरशी नको, रोजचं पाणी नको. मातीची जुनी भिंत असेल तर लिंपू नका. आणि वांगी नसतील तेव्हाही तिला खायला मिळावं म्हणून बांधावर तुळस, तेरडा, भारंगी, अडुळसा असा वर्षभराचा शिधा लावा. भारंगीच्या पानाफुलांची भाजी तुमच्याही पानात येईल.

पेटी मधासाठी ठेवायचीच असेल तर आधी प्रशिक्षण घ्या. पुण्यात केंद्रीय मधुमक्षिका संशोधन आणि प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे.

प्रश्न : सोसायटीच्या पंपघरामागे रानफुलं वाढवली. आता फुलं संपली, रोपं वाळली. समिती म्हणते कचरा दिसतो, उपटून जाळा. काय करू? (एक वाचक, ठाणे)

समितीशी भांडू नका. त्या तुकड्याच्या चारही बाजूंनी हातभर पट्टी स्वच्छ कापून घ्या, विटांची ओळ लावा, झाडांची नावं लिहून पाटी लावा. कडा नीट दिसली की मधलं रान मुद्दाम ठेवलंय हे लोकांना कळतं. डासांची भीती घालत असतील तर त्यांना साचलेलं पाणी दाखवा, डास तिथे होतात, कोरड्या काड्यांवर नाही.

पण जाळायचं मात्र नाही, आणि उपटायचंही नाही, निदान मेपर्यंत. समितीतल्या एखाद्याला संध्याकाळी सूर्य मावळल्यावर तिथे घेऊन जा, बॅटरी हळूच मारा. निळ्या पट्ट्यांच्या माशीची मादी रात्री बिळात झोपते, पण नराला घर नसतं. तो वाळक्या काडीला जबड्याने घट्ट धरतो, पाय पोटाशी घेतो आणि तसाच आडवा लटकून झोपतो. एकाच काडीवर चार, पाच, सहा जण एकाखाली एक. आमच्याकडे तुळशीच्या एका वाळलेल्या काडीवर ते गेला पूर्ण ऑक्टोबर येत होते, रोज त्याच काडीवर. सकाळी ऊन पोचलं की एकेक जण जबडा सोडतो, अंग पुसतो आणि जातो.